कांदिदो रोन्दोन

मार्शल कांदिदो मारियानो दा सिल्वा रोन्दोन (५ मे १८६५, मिमोसो, मातो ग्रोसो – १९ जानेवारी १९५८, रिओ दि जानेरो) हे ब्राझीलचे लष्करी अभियंते, भूमापक आणि संशोधक-प्रवासी होते. ब्राझीलच्या पश्चिमेकडील गवताळ पठारांवरून आणि ॲमेझॉनच्या वर्षावनातून त्यांनी हजारो किलोमीटर लांबीचे तारायंत्राचे मार्ग टाकले व अनेक अज्ञात नद्यांचे नकाशे तयार केले. आदिवासींच्या रक्षणासाठी १९१० मध्ये स्थापन झालेल्या ब्राझीलमधील पहिल्या सरकारी संस्थेचे ते आद्य संचालक होते. अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष थियोडोर रूझवेल्ट यांच्यासमवेत १९१४ साली त्यांनी केलेला नदीप्रवास जगभर गाजला. रोन्दोनिया या ब्राझीलच्या राज्याला त्यांचे नाव देण्यात आले आहे.

जन्म व बालपण

मातो ग्रोसो प्रांतातील पांतानाल या विस्तीर्ण पाणथळ प्रदेशाच्या काठावर असलेल्या मिमोसो या लहानशा वस्तीत त्यांचा जन्म झाला. त्या काळी ब्राझील आणि पेराग्वे यांच्यात युद्ध सुरू होते आणि युद्धापाठोपाठ देवीची साथही त्या भागात आली. त्यांचे वडील मुलाच्या जन्मापूर्वीच वारले. आई क्लाउदिना मूल दोन वर्षांचे असताना गेली. आईकडून त्यांच्यात बोरोरो आणि तेरेना या आदिवासी जमातींचे रक्त आले होते. हा वारसा त्यांनी कधी लपवला नाही. आजोबांकडे काही वर्षे काढल्यानंतर कुयाबा या प्रांताच्या राजधानीत राहणाऱ्या काकांनी त्यांना शिक्षणासाठी आपल्याकडे नेले. या काकांचे रोन्दोन हे आडनाव त्यांनी पुढे कृतज्ञतेपोटी स्वतःच्या नावाला जोडले.

कुयाबा येथे शिक्षकाचे शिक्षण पूर्ण करून ते १८८१ साली, वयाच्या सोळाव्या वर्षी सैन्यात भरती झाले. सैन्यात शिरण्यामागे देशभक्तीइतकाच व्यवहारही होता. पैसा नसलेल्या प्रांतातील मुलाला उच्च गणित शिकण्याचा तो जवळजवळ एकमेव मार्ग होता.

लष्करी शिक्षण आणि प्रत्यक्षार्थवाद

रिओ येथील प्राया व्हर्मेल्या लष्करी विद्यालयात बेंजामिन कॉन्स्तांत हे त्यांचे गणिताचे शिक्षक होते. कॉन्स्तांत फ्रेंच तत्त्वज्ञ ऑग्यूस्त काँत यांच्या प्रत्यक्षार्थवादाचे कट्टर पुरस्कर्ते होते. ब्राझीलमधील राजेशाही संपवून १५ नोव्हेंबर १८८९ रोजी प्रजासत्ताक स्थापन करणाऱ्या लष्करी उठावाचे ते एक सूत्रधार होते. तरुण रोन्दोन यांनी या उठावात भाग घेतला. काँतच्या विचारांवर आधारलेल्या धर्मपंथाचा त्यांनी स्वीकार केला आणि तो अखेरपर्यंत पाळला.

त्यांचे पुढील आयुष्य समजून घेण्यासाठी हा पंथ ध्यानात ठेवावा लागतो. काँतच्या मते मानवी समाज ठरावीक अवस्थांमधून वर चढत जातो. आदिवासी या शिडीच्या पहिल्या पायरीवर आहेत, परंतु त्यांच्या क्षमतेत काही उणे नाही, तेव्हा त्यांना सक्ती न करता, धर्मांतर न लादता, त्यांच्या जमिनी राखून वर येऊ द्यावे, असे ब्राझीलमधील प्रत्यक्षार्थवादी मानत. आदिवासींना निकृष्ट वंश समजणाऱ्या त्या काळात हा विचार बराच उदार होता. मात्र वरची पायरी म्हणजे आपलीच, हे त्यातही गृहीत धरलेले होते.

बोरोरोंच्या प्रदेशातील तारमार्ग

१८९० मध्ये पदवी मिळताच रोन्दोन यांची नेमणूक मेजर आंतोनियो एर्नेस्तो गोमेस कार्नेइरो यांचे साहाय्यक म्हणून झाली. कुयाबापासून आराग्वाया नदीपर्यंत तारेचे खांब रोवण्याचे काम गोमेस कार्नेइरो यांच्याकडे होते आणि हा मार्ग बोरोरोंच्या मुलखातून जात होता. वसाहतवाले आणि बोरोरो यांच्यात पिढ्यान्‌पिढ्या रक्तपात चालू होता. आदिवासींवर गोळी झाडणाऱ्याला शिक्षा होईल, असा हुकूम गोमेस कार्नेइरो यांनी काढला. जंगलात कसे चालावे, पहारा कसा ठेवावा, पाऊलखुणा कशा वाचाव्यात हे रोन्दोन त्यांच्याकडूनच शिकले. गोमेस कार्नेइरो १८९४ मध्ये यादवी युद्धात लापाच्या वेढ्यात मारले गेले, परंतु त्यांचा हुकूम शिष्याने जन्मभर पाळला.

१८९२ मध्ये रोन्दोन यांचा विवाह फ्रान्सिस्का शाव्हिएर यांच्याशी झाला. त्यांना सात अपत्ये झाली. पतीच्या वाट्याला आलेले संसारातील दिवस मात्र मोजकेच होते. १९४९ मध्ये फ्रान्सिस्का यांचे निधन झाले.

१९०० ते १९०६ या काळात त्यांनी कुयाबापासून दक्षिणेकडे कोरुम्बा आणि पेराग्वे व बोलिव्हिया यांच्या सीमांपर्यंत सुमारे १,७०० किलोमीटरचा तारमार्ग पूर्ण केला. यातील बराच भाग पांतानालमध्ये होता. पावसाळ्यात तेथे क्षितिजापर्यंत पाणी पसरते. खांबांसाठी लाकूड दूरवरून आणावे लागे आणि माणसे कमरेइतक्या पाण्यात काम करीत. सैनिक आजारी पडत किंवा पळून जात, तेव्हा काम अडू नये म्हणून बोरोरो पुढे आले. रोन्दोन त्यांच्याशी त्यांच्याच भाषेत बोलत.

पारेसी पठार आणि नाम्बिक्वारा

पेराग्वे युद्धाच्या वेळी राजधानीला सीमेवरील आक्रमणाची बातमी कळण्यास कित्येक आठवडे लागले होते. शिवाय १९०३ मध्ये रबराने समृद्ध असा आक्रे प्रदेश ब्राझीलला मिळाला होता. त्यामुळे कुयाबापासून वायव्येला मादेइरा नदीवरील सांतो आंतोनियोपर्यंत तारमार्ग नेण्याचा निर्णय राष्ट्राध्यक्ष आफोन्सो पेना यांच्या सरकारने घेतला. १९०७ मध्ये या आयोगाचे प्रमुखपद रोन्दोन यांच्याकडे आले. मधला बहुतेक सर्व प्रदेश नकाशावर कोरा होता.

या मार्गाचा पहिला टप्पा पारेसी पठारावरून जातो. हा सेरादो नावाने ओळखला जाणारा गवताळ मुलूख आहे. वाळूची जमीन, उंच गवत, वेड्यावाकड्या खोडांची खुजी झाडे आणि मैलोगणती पाण्याचा अभाव असे त्याचे स्वरूप. महाकाय मुंगीखाऊ, शहामृगासारखा न उडणारा र्‍हिया, लांब पायांचा सेरिएमा पक्षी, माळावरील हरणे आणि जागोजागी वाळवीची वारुळे येथे दिसतात. नद्यांच्या काठी मात्र दाट झाडीच्या पट्ट्या असतात आणि तेथे टापीर व जॅग्वार वावरतात. पठारावरून उत्तरेकडे उतरणाऱ्या नद्या मोठमोठ्या धबधब्यांनी कोसळतात. त्यांपैकी उतियारिती हा धबधबा मोहिमेच्या वृत्तांतांमुळे प्रसिद्धीस आला. पठार संपले की वर्षावन सुरू होते. तेथे बैलांना आणि खेचरांना चारा मिळत नाही, सूर्य दिसत नसल्याने वेध घेता येत नाहीत आणि डासांबरोबरच घाम चाटण्यासाठी डोळ्यांत शिरणाऱ्या बारीक मधमाश्या माणसाला जेरीस आणतात.

पठाराच्या पूर्व भागात पारेसी राहत. रबर गोळा करणाऱ्यांनी त्यांचे अतोनात हाल केले होते. रोन्दोन यांनी त्यांना मजुरी देऊन वाटाडे म्हणून सोबत घेतले. जुरुएना नदीच्या पलीकडे नाम्बिक्वारांचा मुलूख होता आणि पारेसी तेथे जाण्यास कचरत. रबरवाल्यांच्या बंदुकांचा अनुभव घेतलेले नाम्बिक्वारा कोणाही परक्याला जवळ येऊ देत नसत. ऑक्टोबर १९०७ मध्ये छोट्या तुकडीसह रोन्दोन जुरुएनापाशी पोहोचले आणि दोनच दिवसांनी त्यांच्यावर बाणांचा वर्षाव झाला. त्यांतला एक बाण त्यांच्या खांद्यावरील काडतुसांच्या चामडी पट्ट्यात रुतला, म्हणून ते वाचले. सोबतचे अधिकारी पाठलाग करण्यास उतावीळ झाले होते. रोन्दोन यांनी परवानगी नाकारली आणि तुकडी मागे घेतली. या देशात आपणच घुसखोर आहोत, अशी त्यांची भूमिका होती. स्वतःचा जीव गेला तरी चालेल, पण आदिवासींना मारायचे नाही, हा दंडक पुढे त्यांच्या सर्व मोहिमांचा आणि नंतर सरकारी संस्थेचाही नियम झाला.

पुढच्या वर्षी ते मोठी तुकडी घेऊन परतले. पुन्हा बाण आले, माणसे जखमी झाली आणि पुन्हा प्रत्युत्तर दिले गेले नाही. वाटेवर कुऱ्हाडी, कोयते, मणी टांगून ठेवले जात. काही दिवसांनी ते नाहीसे झालेले आढळत. लोखंडाची कुऱ्हाड ही दगडी हत्यार वापरणाऱ्या माणसासाठी श्रमाचे कित्येक दिवस वाचवणारी गोष्ट होती आणि रोन्दोन यांना याची जाण होती. काही वर्षांत नाम्बिक्वारांचे गट तारघरांपाशी उघडपणे येऊ लागले.

१९०९ ची तिसरी मोहीम सर्वांत खडतर ठरली. मे महिन्यात निघालेली तुकडी डिसेंबरअखेर मादेइरा नदीवर पोहोचली. जनावरे मेली, शिधा संपला आणि माणसे ताडाचे कोंब, मध, ब्राझील नट व मिळेल ती शिकार यांवर जगली. मदत घेऊन येणारी तुकडी उपलब्ध नकाशांवर विसंबून जासी-पाराना नदीवर वाट पाहत बसली होती. नकाशात या नदीचा उगम चुकीच्या जागी दाखवलेला होता. रोन्दोन हिवतापाने खंगलेल्या अवस्थेत राजधानीत परतले. याच प्रवासात त्यांना उत्तरेकडे वाहणाऱ्या एका नदीचा उगम आढळला होता. ती पुढे कोणत्या नदीला मिळते हे कळेना, म्हणून तिची नोंद संशयाची नदी अशी करण्यात आली.

या यशाची दुसरी बाजूही आहे. आयोगातील बरेचसे सैनिक स्वखुशीने आलेले नव्हते. राजधानीतील दंगलखोर, तुरुंगातील कैदी, १९१० च्या नौसैनिक बंडात सापडलेले खलाशी अशांना शिक्षा म्हणून जंगलात धाडले जाई. हिवताप व बेरीबेरी यांमुळे त्यांच्यापैकी अनेकांचा मृत्यू झाला. सैन्यात फटक्यांची शिक्षा बंद झालेली असतानाही रोन्दोन यांनी आपल्या सैनिकांना ती दिल्याच्या नोंदी आहेत. आदिवासींच्या बाबतीत अपार संयम राखणारा हा अधिकारी स्वतःच्या शिपायांशी तसा वागला नाही.

आदिवासी संरक्षण सेवा

साओ पाउलो प्रांतात रेल्वेमार्गाच्या कामावर काइंगांग जमातीचे हल्ले होत होते. अशा वेळी तेथील संग्रहालयाचे संचालक हर्मान फॉन इहेरिंग यांनी १९०८ च्या सुमारास प्रगतीच्या आड येणाऱ्या या लोकांच्या उच्छेदाशिवाय पर्याय नसल्याचा अभिप्राय दिला. त्यावरून देशभर वाद पेटला. विद्वान उच्छेदाचा सल्ला देत असताना बाण झेलूनही गोळी न चालवणारा एक लष्करी अधिकारी जंगलातून परतला होता, ही गोष्ट वृत्तपत्रांनी उचलून धरली. २० जून १९१० रोजी आदिवासी संरक्षण सेवेची स्थापना झाली आणि रोन्दोन तिचे संचालक झाले. आरंभी या संस्थेकडे भूमिहीन मजुरांच्या वसाहतींचेही काम होते.

दोन वर्षांत संस्थेच्या कार्यकर्त्यांनी काइंगांगांशी शांततेने संपर्क साधला. १९२० च्या दशकात जर्मन वंशाचे मानवशास्त्रज्ञ कुर्ट निमुएन्दाजू यांनी मादेइरा खोऱ्यातील पारिंतिंतिन जमातीशी याच पद्धतीने मैत्री केली. या पद्धतीची किंमत कार्यकर्त्यांनी स्वतः मोजली. १९४१ मध्ये शावांते जमातीशी संपर्क साधायला गेलेले जेनेझियो पिमेन्तेल बार्बोझा व त्यांचे सहकारी ठार झाले. त्यांनी प्रतिकार केला नाही आणि संस्थेनेही सूड घेतला नाही. पाच वर्षांनी शावांतेंच्या एका गटाने भेटी स्वीकारल्या.

१९१६ च्या नागरी संहितेने आदिवासींना अंशतः असमर्थ व्यक्ती ठरवले आणि १९२८ च्या कायद्याने त्यांचे पालकत्व राज्याकडे सोपवले. रोन्दोन यांना यात संरक्षण दिसत होते. आपल्या जमिनीविषयी स्वतः करार करण्याचा अधिकार मात्र त्यामुळे आदिवासींकडे राहिला नाही.

निसर्गविज्ञान आणि लोकजीवनाच्या नोंदी

तारमार्ग हे सरकारी उद्दिष्ट असले तरी रोन्दोन यांनी आयोगाला फिरती विज्ञानसंस्था बनवले. वनस्पतिशास्त्रज्ञ फ्रेदेरिको कार्लोस होने आणि प्राणिशास्त्रज्ञ आलिपियो दि मिरांदा रिबेइरो हे मोहिमांबरोबर होते. वनस्पती, मासे, सस्तन प्राणी, खनिजे आणि आदिवासींच्या वस्तू यांचे हजारो नमुने रिओच्या राष्ट्रीय संग्रहालयात जमा झाले आणि त्यांवरील अहवालांचे अनेक खंड प्रसिद्ध झाले.

१९१२ मध्ये मानवशास्त्रज्ञ एदगार रोकेत-पिंतो तारमार्गाच्या वाटेने गेले. त्यांनी पारेसी व नाम्बिक्वारा यांची गाणी फोनोग्राफच्या मेणाच्या नळकांड्यांवर ध्वनिमुद्रित केली. त्यांतील पारेसी चाली पुढे संगीतकार हेतोर व्हिला-लोबोस यांच्या रचनांत आल्या. रोकेत-पिंतो यांनी १९१७ मध्ये या प्रवासावर ग्रंथ लिहिला. या प्रदेशाला रोन्दोनिया म्हणावे ही कल्पना त्यांचीच. लष्करी छायाचित्रकार लुईझ तोमाझ रेइस यांनी १९१७ मध्ये बोरोरोंच्या अंत्यविधींवर तयार केलेला मूकपट मानवशास्त्रीय चित्रपटांच्या इतिहासात महत्त्वाचा मानला जातो.

संशयाची नदी

१९१२ च्या निवडणुकीतील पराभवानंतर थियोडोर रूझवेल्ट दक्षिण अमेरिकेत व्याख्याने आणि प्राणिसंग्रह यांसाठी आले. ब्राझीलचे परराष्ट्रमंत्री लाउरो म्यूलर यांनी त्यांना संशयाच्या नदीचा शोध घेण्याचे सुचवले आणि सोबतीला रोन्दोन यांचे नाव पुढे केले. ही शिकारीची सहल नसेल, शास्त्रीय मोहीम असेल, या अटीवर रोन्दोन तयार झाले. डिसेंबर १९१३ मध्ये पेराग्वे नदीवर दोघांची भेट झाली. दोघेही एकमेकांशी मोडक्यातोडक्या फ्रेंचमध्ये बोलत.

जानेवारी १९१४ मध्ये तापिरापुआं येथून खेचरे व बैल घेऊन पठार ओलांडण्यास सुरुवात झाली. उतियारिती येथे पाहुण्यांनी पारेसींचा चेंडूचा खेळ पाहिला. रबराच्या चिकापासून केलेला पोकळ चेंडू खेळाडू हातपाय न लावता केवळ डोक्याने टोलवतात. पुढे नाम्बिक्वारांच्या टोळ्या छावणीत आल्या. काही वर्षांपूर्वी ज्यांच्या बाणांनी तुकडी परतवली होती ते लोक रोन्दोन यांच्या भोवती निर्धास्तपणे वावरत आहेत, याचे रूझवेल्ट यांना विशेष वाटले. रूझवेल्ट यांच्या प्रवासवर्णनात पिरान्हा माशाने रोन्दोन यांच्या पायाचे एक बोट तोडल्याची हकिकत आहे. पिरीनेउस या अधिकाऱ्याने पकडलेला मासा दातांत धरला असता माशाने त्याच्या जिभेचा लचका तोडल्याचेही त्यात नमूद आहे.

२७ फेब्रुवारी १९१४ रोजी एकाच ओंडक्यातून कोरलेल्या सात होड्यांमधून बावीस माणसे नदीत उतरली. त्यांत रूझवेल्ट, त्यांचा मुलगा केर्मिट, पक्षितज्ज्ञ जॉर्ज चेरी, रोन्दोन, त्यांचे सहकारी लेफ्टनंट लीरा आणि डॉ. काजाझेइरा होते. उरलेले सर्व नावाडी-मजूर. नदीच्या प्रत्येक वळणाचे मोजमाप झालेच पाहिजे, असा रोन्दोन यांचा आग्रह होता. त्यासाठी केर्मिटला पुढे जाऊन काठावर उतरून खूण लावलेली काठी धरावी लागे. पहिल्या दुपारी तो शंभराच्या आसपास वेळा उतरला आणि तुकडी दहा किलोमीटरही पुढे सरकली नाही. शिधा मोजका होता आणि पुढे किती द्रुतवाह आहेत हे कोणालाच ठाऊक नव्हते. वेग वाढवावा असे रूझवेल्ट यांचे मत पडले. नकाशाच नसेल तर एवढ्या यातायातीचा उपयोग काय, असे रोन्दोन यांना वाटे.

मार्चमध्ये द्रुतवाहांची मालिका सुरू झाली. एका ठिकाणी सगळी नदी दोन मीटरांहूनही अरुंद अशा खडकाच्या फटीतून वाहत होती. होड्या फुटल्या, नव्या कोराव्या लागल्या. १५ मार्च रोजी केर्मिटची होडी धबधब्यात ओढली जाऊन सिंप्लिसियो हा नावाडी बुडाला. दुसऱ्याच दिवशी शिकारीसाठी रानात शिरलेल्या रोन्दोन यांचा कुत्रा लोबो बाणांनी मारला गेला. बाण नाम्बिक्वारांचे नव्हते. आज सिंता लार्गा या नावाने ओळखली जाणारी जमात तुकडीवर पाळत ठेवून होती. रोन्दोन यांनी त्या जागी कुऱ्हाडी आणि मणी ठेवले. लागोपाठच्या दिवसांत हल्ला झाला असता तर तुकडीतील कोणी वाचले असते असे वाटत नाही. हल्ला झाला नाही. त्यानंतर लगेचच, १८ मार्चला, छोटा समारंभ करून सरकारच्या वतीने नदीला रूझवेल्ट यांचे नाव देण्यात आले.

महिनाअखेरीस रूझवेल्ट यांच्या पायाला जखम झाली. ती चिघळली आणि हिवतापही उलटला. आपल्याला मागे सोडून जावे, असे त्यांनी सुचवले. मुलाने ते मानले नाही. ३ एप्रिल रोजी अन्न चोरल्याच्या वादातून ज्युलियो नावाच्या मजुराने पायशांव या सार्जंटला गोळी घालून मारले आणि तो रानात पळाला. त्याला पकडून न्यायालयापुढे उभे करावे, असे रोन्दोन यांचे म्हणणे होते. उपासमारीत कैदी कुठे सांभाळायचा, असा रूझवेल्ट यांचा प्रश्न होता. काही दिवसांनी ज्युलियो काठावर दिसला व दयेची याचना करू लागला, पण होड्या थांबल्या नाहीत. नंतर त्याच्या शोधासाठी पाठवलेल्या माणसांना तो सापडला नाही.

एप्रिलच्या अखेरीस, सुमारे दोन महिन्यांच्या प्रवासानंतर, आरिपुआनां नदीच्या संगमाजवळ पिरीनेउस यांची मदत तुकडी भेटली. या मोहिमेत चेरी व दुसरे निसर्गशास्त्रज्ञ लिओ मिलर यांनी जमवलेले अडीच हजारांच्या आसपास पक्षी आणि सस्तन प्राण्यांचे शेकडो नमुने न्यूयॉर्कच्या नैसर्गिक इतिहास संग्रहालयात गेले. लंडनमधील काही भूगोलतज्ज्ञांनी या शोधाविषयी शंका घेतली. १९२७ मध्ये जॉर्ज डायट यांच्या मोहिमेने त्याच नदीतून जाऊन नकाशाला दुजोरा दिला. रूझवेल्ट यांची प्रकृती पुन्हा कधीच पूर्ववत झाली नाही. जानेवारी १९१९ मध्ये त्यांचे निधन झाले.

तारमार्गाचे भवितव्य

१ जानेवारी १९१५ रोजी कुयाबा–सांतो आंतोनियो तारमार्गाचे औपचारिक उद्घाटन झाले. तोवर बिनतारी संदेशवहनाचा प्रसार होऊ लागला होता आणि आशियातील मळ्यांमुळे ॲमेझॉनच्या रबराचा बाजार कोसळला होता. ज्या गावांसाठी तारा ओढल्या ती गावे वसलीच नाहीत. १९३८ मध्ये फ्रेंच मानवशास्त्रज्ञ क्लोद लेव्ही-स्ट्राउस या वाटेने गेले तेव्हा तारा लोंबत होत्या आणि तारघरांतले मोजके कर्मचारी जगापासून तुटून राहत होते. त्यांपैकी काही पारेसी होते. आयोगाच्या शाळेत ते तारयंत्र चालवण्यास शिकले होते.

नाम्बिक्वारांची संख्या या अवधीत झपाट्याने घटली. गोवर, इन्फ्लुएंझा अशा रोगांना त्यांच्या शरीरात प्रतिकारशक्ती नव्हती. तारमार्गासाठी तोडलेल्या वाटेने माणसे आली आणि माणसांबरोबर रोगही आले. बंदुकीपासून या लोकांना वाचवणे रोन्दोन यांना जमले. साथीला अडवण्याचा उपाय मात्र त्यांच्याजवळ नव्हता.

उत्तरायुष्य

१९१९ मध्ये ते जनरल झाले. १९२७ ते १९३० या काळात त्यांनी देशाच्या उत्तर व पश्चिम सीमांची पाहणी केली. याच दौऱ्यात, १९२७ मध्ये, रिओ ब्रांकोच्या गवताळ प्रदेशातून जाऊन ते ब्राझील, व्हेनेझुएला आणि गयाना यांच्या सीमा जेथे मिळतात त्या रोराइमा या सपाट माथ्याच्या पर्वतावर चढले. तेव्हा त्यांचे वय बासष्ट वर्षांचे होते. १९३० च्या क्रांतीत बंडखोरांनी त्यांना अटक केली आणि ते लष्करी सेवेतून निवृत्त झाले. तरीही नव्या सरकारला त्यांची गरज भासली. लेतिसिया प्रदेशावरून पेरू व कोलंबिया यांच्यात झालेल्या संघर्षानंतर नेमलेल्या मिश्र आयोगाचे अध्यक्षपद त्यांनी १९३४ ते १९३८ पर्यंत सांभाळले. तेथील वास्तव्यात डोळ्यांच्या विकाराने त्यांची दृष्टी खालावली आणि अखेरच्या वर्षांत ते जवळजवळ अंध झाले.

१९३९ मध्ये आदिवासी संरक्षण परिषदेचे ते अध्यक्ष झाले. १९४३ मध्ये १९ एप्रिल हा आदिवासी दिन म्हणून जाहीर करण्यात आला. १९५० च्या दशकाच्या आरंभी मानवशास्त्रज्ञ दार्सी रिबेइरो व व्हिलास-बोआस बंधू यांनी शिंगू नदीच्या खोऱ्यात राखीव क्षेत्र करण्याची योजना मांडली, तेव्हा वृद्ध रोन्दोन यांनी तिला पाठबळ दिले. ते क्षेत्र १९६१ मध्ये प्रत्यक्षात आले. ५ मे १९५५ रोजी, नव्वदाव्या वाढदिवशी, त्यांना मार्शल हे पद प्रदान करण्यात आले. नोबेल शांतता पुरस्कारासाठीही त्यांचे नाव सुचवले गेले होते. १९२५ मध्ये ब्राझीलला भेट दिल्यानंतर आल्बर्ट आइन्स्टाइन यांनी त्यांच्यासाठी शिफारस केली होती. पुरस्कार मिळाला नाही. १९ जानेवारी १९५८ रोजी रिओ येथे त्यांचे निधन झाले. अंत्यसंस्काराच्या वेळी दार्सी रिबेइरो यांनी भाषण केले.

मूल्यमापन

दीर्घ काळ रोन्दोन यांच्याकडे राष्ट्रपुरुष म्हणूनच पाहिले गेले. १९८० नंतर या प्रतिमेची चिकित्सा सुरू झाली. मानवशास्त्रज्ञ आंतोनियो कार्लोस दि सौझा लिमा यांच्या मते संरक्षण सेवा ही आदिवासींना वेढून त्यांच्या जमिनींवर राज्याचा ताबा प्रस्थापित करणारी यंत्रणा होती. अमेरिकन इतिहासकार टॉड डायकन यांनी तारमार्ग आयोगाची कागदपत्रे तपासून अधिक संमिश्र चित्र मांडले आहे. राज्याचे पालकत्व दमन करणारे होते हे खरे, परंतु त्या काळात प्रत्यक्षात समोर असलेला दुसरा पर्याय उच्छेदाचा होता, हेही टीका करताना विसरता येत नाही.

संरक्षण सेवेचा शेवट मानहानिकारक झाला. रोन्दोन यांच्या निधनानंतर दहा वर्षांच्या आतच चौकशीत तिच्या अधिकाऱ्यांकडून जमिनींची लूट, छळ आणि हत्या झाल्याचे उघड झाले. १९६७ मध्ये ती बरखास्त करून फुनाय ही नवी संस्था स्थापण्यात आली.

वारसा

१९५६ मध्ये ग्वापोरे या केंद्रशासित प्रदेशाचे नाव बदलून रोन्दोनिया करण्यात आले. १९८१ च्या कायद्याने त्याला राज्याचा दर्जा मिळाला. कुयाबा शहराच्या विमानतळालाही रोन्दोन यांचे नाव आहे. तारमार्गाच्या जुन्या रेषेला बऱ्याच अंशी धरून १९६० मध्ये महामार्ग काढण्यात आला. आज तो बीआर-३६४ या क्रमांकाने ओळखला जातो. १९८४ मध्ये जागतिक बँकेच्या कर्जातून त्याचे डांबरीकरण झाले आणि दक्षिणेकडून लाखो शेतकरी रोन्दोनियात आले. वर्षावनाची सर्वाधिक तोड झालेल्या ब्राझीलच्या राज्यांमध्ये त्याची गणना होते. रूझवेल्ट नदीच्या परिसरातील सिंता लार्गांना १९६३ मध्ये रबर कंपनीच्या भाडोत्री माणसांकडून हत्याकांड सोसावे लागले. पुढे त्यांच्या राखीव क्षेत्रात हिरे सापडले. २००४ मध्ये तेथे बेकायदा खाणकाम करणारे २९ जण मारले गेले.

रिओच्या राष्ट्रीय संग्रहालयाला २ सप्टेंबर २०१८ रोजी लागलेल्या आगीत आदिवासी संस्कृतीविषयक संग्रहाचा फार मोठा भाग नष्ट झाला. २०१० मध्ये शास्त्रज्ञांनी मार्मोसेट जातीच्या एका लहान माकडाचे नवीन प्रजाती म्हणून वर्णन केले आणि तिला रोन्दोन यांचे नाव दिले. हे माकड केवळ रोन्दोनियात, मादेइरा, मामोरे आणि जी-पाराना या नद्यांच्या दरम्यान आढळते. महामार्ग याच पट्ट्यातून जातो आणि प्रजातीची नोंद असुरक्षित या वर्गात आहे.